कोणाला नाही समजलं?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही वाक्यं सरळ केली आहेत. शेवटचा भाग मात्र जसा बोलले तसाच ठेवला आहे.)



काल रात्रीचं सावजी जेवण आणि आज सकाळचे तर्री-पोहे यांच्यानंतर तुम्हाला भाषण ऐकायला लावणं हा खरं तर अन्याय आहे. पण समितीने मला विषय दिला, 'चाळिशीनंतरचा बदल आणि प्रेरणा'. मी विचारलं, मीच का? तर उत्तर आलं, "तू वर्गात हुशार होतीस ना, मग तूच बोल."

तर या वाक्यापासूनच सुरुवात करते. 'तू हुशार होतीस ना' या वाक्याने माझं बरंच भलं केलं आणि बरंच नुकसानही केलं. आज मी मुख्यतः नुकसानाबद्दल बोलणार आहे. भल्याबद्दल काल रात्री पुरेसं बोलून झालं आहे.

आठवीचा वर्ग आठवा. गणिताच्या बाई फळ्यावर शिकवून झालं की खडू खाली ठेवायच्या आणि वर्गाकडे वळून विचारायच्या, "कोणाला नाही समजलं?" लक्षात घ्या, बाई 'समजलं का?' असं कधी विचारायच्या नाहीत. 'समजलं का' म्हटलं की आपण छप्पन्न जण एका सुरात 'होऽऽ' म्हणणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या प्रश्न उलटा विचारायच्या. आणि तरीही सगळे गप्प बसायचे. उभा राहायचा तो एकच जण, शेवटच्या बाकावरचा. नाव घेत नाही, कारण त्याने तशी अट घातली आहे. पण माना वळल्या आहेत त्या बरोबर दिशेने वळल्या आहेत.

एकदा तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उणे गुणिले उणे अधिक कसं काय होते?" सगळा वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होते आणि मीही हसले. मला नियम पाठ होता. बाईंनी मात्र खडू पुन्हा हातात घेतला आणि पुढची वीस मिनिटं त्याला समजावून सांगितलं. त्या वीस मिनिटांत मी वहीत समास आखत होते. मला वाटलं, हे आपल्यासाठी नाहीच.

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या वर्गात शिकायला आलेला तो होता. मी हुशार दिसायला आले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बारावी, इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. कोबोल नावाची एक जुनी संगणकीय भाषा आहे. बँका आणि विमा कंपन्यांचे मोठमोठे व्यवहार अजूनही तिच्यावर चालतात. त्यात मी जवळपास वीस वर्षं काम केलं. बाबांची तब्येत बिघडली म्हणून नागपूरला परत आले, मिहानमध्ये काम मिळालं. आणि एक दिवस कळलं की ज्या प्रणालीवर मी काम करत होते ती बंद होणार, सगळं काही क्लाउडवर जाणार. म्हणजे वीस वर्षांत जमवलेलं ज्ञान एका ईमेलने जुनं झालं. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते.

नव्या टीममध्ये मला घेतलं, तिथे सगळे माझ्यापेक्षा पंधरा-अठरा वर्षांनी लहान. बैठकीत ते जे शब्द वापरायचे त्यातले निम्मे मला कळायचे नाहीत. मी मान हलवायचे. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून तेच शब्द शोधून व्हिडिओ पाहायचे. प्रेरणा देणारी भाषणंही खूप ऐकली. ऐकताना छाती भरून यायची आणि सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये ती रिकामी झालेली असायची. विचारायला हवं होतं, एवढंच. पण विचारलं की कळणार, हिला येत नाही. आणि मला तर शाळेपासून सगळं येत होतं.

आता जे सांगणार आहे ते माझ्या घराबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. एका शनिवारी रात्री डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवायचा होता. आमच्याकडे चाचणीसाठी एक जागा असते आणि ग्राहकाचं खरं काम चालतं ती दुसरी. दोन्हींची नावं जवळपास सारखी होती. कोणती फाइल वापरायची याबद्दल माझ्या मनात शंका होती. टीममधला चोवीस वर्षांचा मुलगा त्या वेळी पाळीवर होता, गोंदियाकडचा, कामात अगदी पक्का. एक ओळ लिहून विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर आलं असतं. मी ओळ लिहिली, खोडली आणि कमांड चालवली.

ती चाचणीच्या जागेवर चालली नाही. खऱ्या जागेवर चालली. ग्राहकाच्या बिलांच्या नोंदी पुसल्या गेल्या. बॅकअप होता म्हणून सगळं परत आणता आलं, पण सहा तास लागले.

रविवारी सकाळी बैठक झाली. आम्ही सगळे एकच सामाईक लॉगिन वापरत होतो, त्यामुळे कमांड कोणी चालवली हे नोंदीत दिसत नव्हतं. पाळीवर तो मुलगा होता. वरिष्ठांनी त्याला विचारलं. तो गोंधळला आणि म्हणाला, "मी केल्यासारखं आठवत नाही, पण एकदा तपासून सांगतो."

आणि मी गप्प बसले.

मित्रांनो, गप्प बसणं हे किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. खोटं बोलावं लागत नाही. फक्त माइक बंद ठेवायचा.

दुपारी घरात बसवेना. माझी इलेक्ट्रिक स्कूटर आठवडाभर चार्ज होत नव्हती, तेच निमित्त करून ती ओढत ओढत आपल्या या मित्राच्या गॅरेजवर नेली. तो दहावीनंतर शिकू शकला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षांत आपल्या गावातल्या गिरण्यांचे भोंगे बंद पडत होते, त्याच्या वडिलांचंही काम गेलं. तो सोळाव्या वर्षी पाना हातात घेऊन उभा राहिला. पंचवीस वर्षं पेट्रोलची इंजिनं उघडली. आणि आता त्याच्यासमोर इंजिनच नसलेली गाडी.

त्याने गाडी उघडली, थोडा वेळ पाहिलं. मग हाताखालच्या वीस वर्षांच्या मुलाला हाक मारली आणि माझ्यासमोर, आणखी दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हे मले नाही समजून राहिलं. तू पाह्य बरं, अन् मले बी सांग."

पोरगा मोबाइलवर काहीतरी पाहत सांगत होता आणि हा पुढे वाकून ऐकत होता, आठवीत बाईंचं ऐकायचा तसाच. मी बाजूच्या स्टुलावर चहाचा कप धरून बसले होते. माझ्यासारखीच परिस्थिती त्याचीही होती. त्याचंही ज्ञान जुनं झालं होतं, त्यालाही आपल्या निम्म्या वयाच्या पोराकडून शिकायचं होतं. फरक एवढाच की 'मले नाही समजून राहिलं' हे वाक्य म्हणायची त्याला लहानपणापासून सवय होती. मला नव्हती.

सोमवारी सकाळी मी वरिष्ठांना फोन केला आणि सांगितलं की ती कमांड मी चालवली होती. हात थरथरत होते. धीर आला म्हणून मी फोन केला असं अजिबात नाही. फोन लागल्यावर, पहिलं वाक्य बोलून झाल्यावर कुठे थोडा धीर आला. मग त्या मुलाला फोन केला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, विचारायचं ना. मी जागाच होतो."

शनिवारची रात्र ते सोमवारची सकाळ. या मधल्या वेळात एका निर्दोष मुलावर संशय होता आणि मला ते माहीत होतं. नोकरी राहिली, वरिष्ठ समजून घेणारे निघाले, सामाईक लॉगिनही बंद झालं. पण ते तास माझ्या खात्यावर आहेतच. 'बदल' या विषयावर बोलायचं तर मी ते लपवून बोलू शकत नाही.

आता थोडं शास्त्राबद्दल. त्याआधी काल रात्रीचा एक प्रसंग सांगते, कारण तो मला पुस्तकांपेक्षा मोठा वाटला.

आपली नववीची सहल आनंदवनला गेली होती. लाल एसटी, सव्वाशे किलोमीटरच्या आतला प्रवास, पण बुटीबोरीलाच निम्म्यांचे डबे संपले होते. बाबा आमटे तेव्हा आनंदवनात नव्हते, नर्मदाकाठी कसरावदला राहत होते. घरून निघताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना बजावलं होतं, "तिथलं पाणी पिऊ नको हं." आपण पोहोचलो, आणि बोटं झडलेल्या एका काकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. सगळी मुलं मागे सरकली. मराठीच्या बाईंनी पुढे होऊन पाणी घेतलं आणि प्यायल्या. मग आपण प्यायलो. मला इतकी वर्षं वाटत होतं की बाईंना भीती वाटतच नसावी.

काल जेवताना मी त्यांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, भीती वाटली होती ना! तुझ्याइतकीच वाटली होती. पण तुम्ही छप्पन्न पोरं माझ्याकडे बघत होतात. एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला भीती कमी झाली होती."

दुसऱ्या घोटाला! माझं सगळं भाषण या दोन शब्दांत आहे.

आणि ज्या जागी हे घडलं त्या आनंदवनाची सुरुवात तरी कशी झाली? बाबा आमटे हिंगणघाटच्या जमीनदार घरातले. नागपुरात वकील झाले. शिकारीची आवड, स्पोर्ट्स गाडी, इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहिण्याचा छंद, असा थाट होता. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी ते भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटलं. वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला. अशा माणसाला भीती कशाची वाटणार?

एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला एक देह दिसला. कुष्ठरोगाने बोटं गेलेली, जखमांत किडे पडलेले. त्या माणसाचं नाव तुळशीराम. आणि हे अभयसाधक घाबरून तिथून पळाले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली, लपवली नाही. घरी गेले, पण राहवेना. परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण मनातल्या त्या भीतीशी बाबांचा झगडा पुढे बरेच महिने चालू राहिला. भीती घालवायची तर कुष्ठरुग्णांपासून दूर राहून ती जाणार नाही, त्यांच्यातच जावं लागेल, असं त्यांनी ठरवलं. साधनाताईंनी साथ दिली. साधनाताई आपल्या नागपूरच्या, घुले घराण्यातल्या. वरोऱ्यात कुष्ठरुग्णांची शुश्रूषा सुरू झाली. बाबा कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत जाऊन उपचार शिकून आले. तिथे प्रयोगासाठी त्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले, हेही प्रसिद्ध आहे. मग वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं राहिलं. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, अशी त्याची सुरुवात सांगतात. १९५१ साली विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं.

या गोष्टीतलं आपण नेहमी सांगतो ते बाबांचं धैर्य. मला आता त्यातलं पळून जाणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पळाले, आणि मग परतले. परतताना भीती गेलेली नव्हती. ती हातात काम आल्यावर हळूहळू गेली.

आपण सगळे क्रम उलटा धरतो. आधी प्रेरणा मिळेल, मग आत्मविश्वास येईल, मग मी कामाला लागेन. म्हणून आपण प्रेरणेची वाट बघत बसतो. माझा अनुभव, बाईंचा घोट आणि बाबांची गोष्ट एकच सांगतात. आधी पाऊल, मग धीर.

मानसशास्त्रही हेच सांगतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते. सापाची अतोनात भीती असलेल्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले. साप कसा निरुपद्रवी आहे यावर त्यांना व्याख्यान दिलं नाही. आधी दुसरा कोणी साप हाताळतो आहे ते काचेतून पाहायचं. मग त्याच खोलीत यायचं. मग हातमोजे घालून स्पर्श करायचा. मग मोजे काढून. शेवटी तीच माणसं साप मांडीवर घेऊन बसायची. १९७७ साली त्यांनी मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो. सगळ्यात भक्कम वाट म्हणजे स्वतः थोडं करून पाहिलेलं असणं. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी करताना पाहणं. तिसरी, कोणीतरी धीर देणं, म्हणजे आता मी करते आहे ते भाषण. आणि चौथी, आपल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो ते.

माझी रात्रीची सगळी भाषणं तिसऱ्या वाटेवरची होती. गॅरेजमधला तो स्टूल दुसऱ्या वाटेवर होता. आणि सोमवारचा फोन पहिल्या वाटेवरचं पहिलं पाऊल.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण एका फोनने कोणी बदलत नाही. मी स्वतःसाठी एक नियम केला. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की 'मी यापुढे विचारत जाईन' असा मोघम संकल्प फारसा टिकत नाही. 'अमुक झालं तर मी तमुक करेन' असं आधीच ठरवलं तर तो टिकण्याची शक्यता वाढते. आम्हा प्रोग्रॅमरना हे ओळखीचंच, आमचं सगळं आयुष्य जर-तरवर चालतं. माझा नियम होता, पंधरा मिनिटं अडले तर टीमच्या गटात प्रश्न टाकायचा. पहिला प्रश्न तीनदा लिहून तीनदा पुसला. चौथ्यांदा पाठवला. दोन ओळींत उत्तर आलं. आभाळ कोसळलं नाही. उलट दुसऱ्या एका मुलीने खाली लिहिलं, "बरं झालं विचारलंत, मलाही हेच विचारायचं होतं."

किती दिवसांत सवय लागते? सगळीकडे ऐकतो, एकवीस दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' गळून पडला आणि चेहऱ्याचा आकडा सगळ्याच सवयींना चिकटला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांवर गेला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. बावीसाव्या दिवशी जुन्या वळणावर गेलात तर स्वतःला नापास करू नका. मला चांगले सात-आठ महिने लागले. अजूनही एखाद्या बैठकीत मान आपोआप हलते.

आणखी एक अडथळा मला माझ्या बोलण्यात सापडला. तो एका अक्षराचा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती सुरू केली. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे आणली, 'विवेकनिष्ठ' या नावाने ती मराठी वाचकांना माहीत आहे. तिचं सार मला माझ्या भाषेत असं कळलं, की माणूस इच्छेने दुःखी होत नाही, इच्छेचा हट्ट झाला की होतो. मराठीत तो हट्ट 'च' या अक्षरात बसलेला असतो. मला आलंच पाहिजे. चूक होताच कामा नये. लोकांनी मला हुशारच म्हटलं पाहिजे. 'मला आलं पाहिजे' यात शिकायला जागा आहे. 'आलंच पाहिजे' यात फक्त लपवायला जागा आहे. तेव्हापासून मी माझ्या वाक्यांमधले च वेचते. तांदळातले खडे वेचावे तसे. थोडे राहून जातात, दाताखाली येतात.

गेल्या वर्षी क्लाउडची एक परीक्षा दिली आणि नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन आठवीतल्या मुलीला सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आई, तू? नापास?" आणि मग इतकी खूश झाली की तिने तिचा लपवून ठेवलेला विज्ञानाचा पेपर दप्तरातून काढून माझ्या हातात दिला. वीसपैकी सात. तो पेपर दोन आठवडे दप्तरात होता. म्हणजे 'हुशार' असण्याचा आजार मी पुढच्या पिढीला न बोलता दिलाच होता. दुसऱ्या प्रयत्नात मी पास झाले. तिचेही मार्क थोडे सुधारले. पण घरातला मोठा बदल मार्कांचा नाही, पेपर आता त्याच दिवशी बाहेर येतात.

एक-दोन गोष्टींची कबुली द्यायलाच हवी. पहिली, सगळं काही मनावर असतं असं मी म्हणत नाही. मला समजून घेणारे वरिष्ठ मिळाले, पगार चालू होता, घरी आई होती. ज्याच्या घरची गिरणी बंद पडली त्याला 'मानसिकता बदल' असं सांगणं हा उद्धटपणा आहे. नव्या माणसाने प्रश्न विचारावा असं वाटत असेल तर प्रश्न विचारणाऱ्याला न हसणारा वर्गही हवा. तो वर्ग आपण असतो. आपल्यातले बरेच जण आता वरिष्ठ आहेत, मालक आहेत, आईबाप आहेत. आपल्यासमोर कोणाला 'मला नाही समजलं' म्हणता येतं का, हे एकदा तपासून पाहा.

दुसरी, काही वेळा पाऊलच उचलत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात गोडी नाही, जगणं नकोसं वाटतं. तो आळस नव्हे आणि प्रेरणेचा अभावही नव्हे, तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची 'टेली मानस' ही मोफत फोन सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. स्वतःला नाही तर शेजाऱ्याला उपयोगी पडेल. तो फोन करणं हेही पाऊलच आहे.

आता शेवटचं. आणि हे सगळ्यांना उद्देशून नाही, शेवटच्या बाकाला उद्देशून आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने मला विचारलं, "आई, उणे गुणिले उणे अधिक का होतं?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. इंजिनिअरिंगची पदवी, वीस वर्षांची नोकरी, लाखो वेळा तो नियम वापरलेला. आणि का, ते माहीत नाही. कारण ज्या दिवशी ते शिकवलं त्या दिवशी मी समास आखत होते.

मी तुला फोन केला. तू गॅरेजच्या गोंगाटात ओरडून म्हणालास, "अगं, बाईनं सांगतलं होतं नं! उधारीचं!" मग तू समजावलंस. पाच रुपयांची उधारी म्हणजे उणे पाच. अशा तीन उधाऱ्या आपल्या डोक्यावर होत्या, त्या कोणी माफ केल्या. काढून घेतल्या, म्हणजे उणे तीन वेळा. मग आपल्या खिशात पंधरा रुपये वाढल्यासारखेच नाहीत का? माझी मुलगी फोन स्पीकरवर ऐकत होती. तिला एका झटक्यात कळलं. मलाही.

बाई, तुम्ही ते अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वी वीस मिनिटं खर्चून सांगितलंत. छप्पन्नातल्या एकाने ते ऐकलं, जपून ठेवलं आणि माझ्या मुलीपर्यंत पोहोचवलं. तुमची वीस मिनिटं वाया गेली नाहीत, एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे बोलले.

आणि तुला, मित्रा, एवढंच. त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा मीही हसले होते. माफ कर. ही उधारी तू केव्हाच सोडून दिली असशील, मला ठाऊक आहे. पण तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणायचं राहिलं होतं.

दुपारी जेवणानंतर बाई आपल्या जुन्या वर्गात येणार आहेत. मी या वेळी शेवटच्या बाकावर बसणार आहे. त्यांनी विचारलं, "कोणाला नाही समजलं?" तर हात वर करायचा आहे. तुम्हीही या.